लुगडं फाटकं, काठ जरीचा

गेल्या रविवारी बातमीपर्यंत पोचायला जाहिरातीची चार पानं उलटावी लागली. चारही पानांवर एकच नदी. निळीशार, तळ दिसेल इतकी नितळ. काठावर एक आजोबा नातवाला बोटानं काहीतरी दाखवतायत आणि मागं एकतीस मजल्यांचे सात टॉवर. आधी वाटलं, परदेशातली नदी असावी. खालचा पत्ता वाचला तर आमचीच मुठा. पुण्यात निळी असते ती पूररेषा, नदी नव्हे, हे चित्रकाराला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आजोबा नातवाला काय दाखवत असतील, यावर आमच्याकडे चहाबरोबर चर्चा झाली. मी म्हटलं, बगळा. बायको म्हणाली, "जलपर्णी काढायचं मशीन."

आमची सोसायटी त्या सात टॉवरांना लागूनच. सिंहगड रोडवरून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, तीन मजले, लिफ्ट नाही, गच्चीवरची टाकी गळते. जाहिरातीत मात्र आम्ही नाही. आमच्या जागेवर नारळाची झाडं लावली आहेत. आपल्या नावचं झाड जिवंतपणी बघायचं भाग्य थोड्यांनाच लाभतं, म्हणून चप्पल सरकवली आणि त्यांच्या सेल्स ऑफिसात गेलो.

दारातच हातात थंड पाण्याची सीलबंद बाटली. नदीकाठाला शोभेल असंच स्वागत.

"सर, एंड यूजर की इन्व्हेस्टर?" टॅब घेतलेल्या मुलीनं विचारलं.

"शेजारी."

तिनं टॅबवर दोनदा खालीवर केलं. तसा रकानाच नव्हता. शेवटी 'इन्व्हेस्टर'वर बोट ठेवलं आणि मला मॉडेलपाशी नेलं. काचेखाली सात टॉवर, त्यांच्या पायाशी प्लास्टिकची नदी, नदीच्या पोटात निळा दिवा. नदीकडे तोंड असलेल्या फ्लॅटला जादा दर, त्याला 'रिव्हर फेसिंग' म्हणायचं. आणि पाठीमागचे? "ते गार्डन फेसिंग, सर." गार्डन म्हणजे आम्ही.

"खिडकी उघडली की वास येत असेल ना हो?"

"नाही सर, फुल हाइट ग्लास आहे. प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट आहे. नदी दिसेल, वास येणार नाही."

या शहराचं नदीधोरण इतक्या थोडक्यात आणि इतक्या प्रामाणिकपणे मांडलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. महापालिकेनं या मुलीला नदीच्या खात्यात घ्यावं. निदान सल्लागाराच्या फीचे पैसे वाचतील.

शेजाऱ्याचा रकाना तिच्या टॅबवर नव्हता, यात तिची काही चूक नाही. तो देशाच्या कायद्यातही नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, ही २००६ सालची अधिसूचना. त्याच अधिसूचनेनं इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. धरण येणार असलं की गावात मांडव पडतो, अधिकारी येतात, लोक माइक ओढून घेतात, शिव्या देतात आणि इतिवृत्तात 'सूचना नोंदवल्या' असं लिहिलं जातं. आमच्या गल्लीत हजारो माणसं राहायला येणार असली तर एवढंही नाही. आम्हाला कळतं ते पत्रे ठोकल्यावर. आणि कशाचं कळतं? तर रात्री दोन वाजता मुरमाचे डंपर रिकामे होतात त्या आवाजाचं.

आता त्या मुरमाबद्दल. नदीला रेषा दोन. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. मुठेच्या बाबतीत खडकवासल्यातून साठ हजार क्युसेक सुटलं तर पाणी कुठवर येईल ती निळी, लाख सुटलं तर कुठवर ती लाल. पाटबंधारे खात्यानं आखायची आणि महापालिकेनं आपल्या नकाशात उतरवून घ्यायची. आखणारा एक, उतरवणारा दुसरा. त्यामुळं पुण्यात नदी एक वेळ जागेवर सापडेल, रेषेची खात्री देता येत नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पुण्यात त्यात पूररेषेचा नकाशाही धरावा.

नियम वाचायला मजा येते. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये घर बांधायला बंदी. चालतं काय, तर बाग, हिरवळ, ओट्यांची भाजी मंडई, वाहनतळ, सांडपाण्याचं केंद्र आणि स्मशान. म्हणजे नदीच्या अगदी जवळ कायदेशीरपणे मुक्काम करायचा असेल तर आधी मरावं लागतं. हिरवळीचं काय झालं ते म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंतच्या डीपी रस्त्यावर लग्नाला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. नियमात 'लॉन' आणि जागेवर 'लॉन्स', एका 'स'चा काय तो फरक, पण त्या 'स'खाली हजार माणसं जेवून उठतात.

निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये मात्र बांधता येतं. अट एकच. जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा पंचेचाळीस सेंटिमीटर वर हवं. शहाणपणाची अट वाटते ना? आता आमच्या गल्लीत येऊन बघा. सात टॉवरांनी अट पाळली. जमीन पुरुषभर उचलली, त्यावर जोतं बांधलं, त्यावर वाहनतळ, त्यावर क्लब हाउस आणि मग माणसं. ते सुखरूप. पूर्वी त्या मळ्यात पसरून निवांत बसणारं पाणी आता बसणार कुठं, हा प्रश्न नियमात नाही. पाण्याला सखल जागा लागते. सखल आता आम्हीच उरलोय. त्यांनी नियम मोडला तर पाणी त्यांच्याकडेही येईल आणि पाळला तर फक्त आमच्याकडे. नियम पाळणाऱ्या शेजाऱ्याची इतकी भीती वाटायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

ही भीती पुस्तकातली नाही. २५ जुलै २०२४ ची पहाट सिंहगड रोडवर कुणी विसरलेलं नाही. एकता नगरी आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत लोक जागे झाले ते जिन्यात पाणी आल्यावर. मग बोटी आल्या, जवान आले, आज्या खुर्चीत बसून बोटीत चढल्या. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. धरणातून सुटलेलं पाणी होतं सुमारे पस्तीस हजार क्युसेक. पस्तीस हजार! निळी रेषा साठ हजारांची. रेषेच्या हिशेबानं अजून पंचवीस हजारांची सवड होती आणि तळमजल्यावरचे फ्रीज तोवर छताकडे निघाले होते. धरणाखाली पडलेला पाऊस वेगळा, ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं हे मान्य. पण नदीच्या पात्रात आपण गेली वीस-तीस वर्षं काय काय ओतलं याचा हिशेब त्या पहाटे पाण्यानं दिला. राडारोडा, भराव, पात्रातला रस्ता, त्या रस्त्याची भिंत, मेट्रोचे खांब. लोटा तेवढाच ठेवून त्यात खडे टाकायची गोष्ट आपण शाळेत कावळ्याची म्हणून शिकलो. आता ती आपली आहे, फक्त शेवटी पाणी प्यायला कुणी तयार नाही.

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी त्या दिवशी एकच गोष्ट वाचवली, लोणच्याची बरणी. दागिने कपाटात राहिले, बरणी हातात आली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अहो, त्याला वर्ष लागतं."

नंतर दौरे झाले, पंचनामे झाले. सूचना न देता पाणी सोडलं असं रहिवासी म्हणाले, दिली होती असं सरकारी खाती म्हणाली. मला दोन्ही खरं वाटतं. सूचना दिली असणारच, फक्त ती एका कार्यालयानं दुसऱ्या कार्यालयाला दिली असणार. शेजाऱ्याचा रकाना तिथंही नसतो.

बरं, नदी सुधारायला कुणी काही करतच नाही असं म्हटलं तर पाप लागेल. पुण्यात नदीसाठी एक नव्हे, दोन प्रकल्प आहेत. नावं एवढी सारखी की घोटाळा होतो. एक नदीसुधार, दुसरा नदीकाठसुधार. पहिला जपानच्या 'जायका'च्या कर्जातून. करार जानेवारी २०१६ चा, मूळ अंदाज ९९० कोटी, नदीत जाणारा मैला आधी धुवायचा, त्यासाठी अकरा केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची ताकद. मुदत २०२२ ची होती. त्या सालापर्यंत तर कामाचे आदेश निघत होते. दुसरा प्रकल्प काठाचा. चव्वेचाळीस किलोमीटर, अंदाजे ४,७२७ कोटी, मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन, आणि कामाचा धडाका असा की बंडगार्डनला गेलेला माणूस थक्क व्हावा. दगडी पायऱ्या, फिरायचा रस्ता, बाक, दिवे.

हिशेब सोपा आहे. नदीला एक रुपया तर काठाला पावणेपाच. आमची आजी अशा लुगड्याकडे बघून दुकानदाराला म्हणायची, "काठ काढून दे, बाकीचं ठेव तुला." अंगावर घ्यायला गेलं तर टराटरा फाटेल आणि काठ मात्र जरीचा. पुण्यात लुगडं विणणारा कारागीर अजून सूत मोजतोय आणि जरीवाला बिल घेऊन दारात उभा आहे. पण कुणी अडत नाही, कारण बिल्डरच्या दुकानात विकला जातो तो काठच. नदी विकत कुणालाच नको असते. फुकट दिली तरी नको.

एप्रिल २०२३ मध्ये लोकांनी 'चलो चिपको' म्हणत या काठाच्या कामात जाणाऱ्या झाडांसाठी मोर्चा काढला. त्यांना विकासविरोधी म्हणून झालं. झाडं लावणार आहोत, असंही सांगून झालं. जाहिरातीतल्या नारळांवरून या वचनाचा मला पुरता अंदाज आला आहे.

जरीच्या काठावर राहायला गेल्यावर काय होतं तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसलं. मुंढवा, केशवनगर, खराडीच्या बाजूला नदीवरून किड्यांचा खांब उठला. वावटळीसारखा, फिरत फिरत टॉवरांच्या उंचीला भिडणारा. व्हिडिओ देशभर फिरले. इतकी वर्षं डास ही तळमजल्याची अडचण समजली जायची, वरच्या मजल्याचा दर डास चढत नाहीत म्हणूनही जास्त असायचा. डासांनी ब्रोशर वाचलं नव्हतं.

नव्या टॉवरांचा मैला नदीत येणार नाही, त्यांच्या आवारातच शुद्धीकरण केंद्र असेल, असं त्या मुलीनं आवर्जून सांगितलं. असणार. बांधावंच लागतं. बिल्डर असेपर्यंत ते चालतंही. मग सोसायटी ताब्यात येते, पहिल्या सर्वसाधारण सभेत विजेचं बिल वाचलं जातं आणि कुणीतरी सभासद हळूच विचारतो, "हे रोज चालवायलाच पाहिजे का?" मी अशा सभांना बसलोय. त्या प्रश्नानंतर जी शांतता पसरते तिच्यातून नदीकडे जाणारी वाहिनी सुरू होते. ते पाणी पुढं मुळा-मुठा म्हणून भीमेला मिळतं, भीमा उजनीला जाते आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला येतं. सोलापूरचे पाहुणे आमच्याकडे आले की मी पाण्याचा विषय काढत नाही. त्यांनी काढला तर चहाला बसवतो.

आणि पिण्याचं पाणी? ते सात टॉवरांना टँकरनं येणार, निदान सुरुवातीची काही वर्षं. एकतीस मजल्यांच्या पायाशी नदी, आणि गेटवर टँकरची रांग. नातवाला बोटानं दाखवण्यासारखं हेच एक चित्र आहे, पण जाहिरातीत ते घेतलेलं नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर कुणीतरी म्हणणारच, तुम्ही स्वतः आत आलात आणि आता मागं दार लावताय. खरं आहे. आमची सोसायटी काही ऋषींनी वसवलेली नाही. तिथंही एके काळी ऊस आणि मेथी होती. आम्ही गुंठ्याचा दर बघितला, बँकेचा हप्ता बघितला, नदी बघितलीच नाही. रेषा आखलेली होती की नव्हती हे विचारायची अक्कल आमच्यापैकी एकालाही नव्हती. पण एकदा पाण्यात उभं राहिलेल्या माणसानं, 'बाबांनो, इथं खोल आहे' म्हणून ओरडू नये, असा काही कायदा आहे का? शहराला घरं हवीत, हेही खरं. फक्त ज्यांना घरं नाहीत ते रिव्हर फेसिंगचा जादा दर देणाऱ्यांत नाहीत, हेही त्याच दमात मोजायला हवं. ते कुठं राहतात? पुलाच्या वाडीत.

आणि दार उशिरा लावलं तर काय होतं ते पलीकडे पिंपरी-चिंचवडनं दाखवलंच आहे. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बंगल्यांची वसाहत उभी राहिली. नावातच 'रिव्हर'. लोकांनी जागा घेतल्या, घरं बांधली, वास्तुशांती झाल्या. ती उभी राहत असताना बुलडोझर नव्हता, नोटीस नव्हती, कुणाच्या नजरेला ती रेषा दिसत नव्हती. मग प्रकरण हरित लवादाकडे गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि मे २०२५ मध्ये एका दिवसात छत्तीस बंगले भुईसपाट झाले. निकाल चुकीचा म्हणणार नाही. नदी वाचली पाहिजे. पण वीट चढताना जो झोपला होता, त्याच्या घरावर बुलडोझर गेल्याचं ऐकिवात नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथं बैल गेल्यावर गोठाच पाडला, आणि राखणदार तिथंच उभा राहून फोटो काढत होता.

गंमत बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर सरकारनं माणसं उचलून नदीपासून लांब नेली. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर इथं पूरग्रस्तांना जागा दिल्या. पत्र्याच्या अर्धगोल घरांत संसार मांडले गेले. आमच्याच नात्यातलं एक घर तेव्हा शनिवार पेठेतून उठून तिकडं गेलं. त्या आजोबांना शेवटपर्यंत रात्री पाऊस वाढला की झोप लागत नसे, ते उठून दाराची फट बघून यायचे. त्यांच्या नातवानं परवा फोन केला, आवाजात आनंद मावत नव्हता. सात टॉवरांपैकी चौथ्यात बुकिंग केलंय. वीस वर्षांचं कर्ज. "काका, रिव्हर फेसिंग मिळाला! आता तुमचे शेजारीच आम्ही."

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? कितवा मजला, विचारलं. एकोणीस. मग म्हटलं, बाळा, गाडी कुठं लावणार आहेस? तो म्हणाला, बेसमेंटला दोन जागा आहेत. मी पाणी प्यायलो.

तर वाचकहो, तुमच्याही पेपरात या रविवारी निळी नदी येईल. बघायला जा, पाण्याची बाटली घ्या, मुलगी नम्र असते, तिच्याशी नीट बोला. पण जुलैत जा, धो धो पावसात जा, आणि सॅम्पल फ्लॅट राहू दे, आधी बेसमेंट दाखवा म्हणा. लाल रेषेची पातळी मीटरमध्ये कागदावर मागा, बेसमेंटची पातळी तिच्याशेजारी लिहून मागा. दोन आकडे, एक सही. नाही मिळाली तर परत जाताना आमच्या गल्लीत वळा. तळमजल्यावर काकूंकडे चहा मिळेल, नव्या मोसमातलं लोणचंही मिळेल. बसायच्या खोलीच्या भिंतीला दोनदा रंग दिला तरी एक मातकट रेघ पुन्हा वर येते. आम्ही टेप लावून मोजली आहे. फरशीपासून चार फूट सात इंच.